नववा ठिपका कुणाकडून आणलात?

आजच्या निरोप समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या शाळा समितीचे ज्येष्ठ हौशीराम आबा, मुख्याध्यापक सीताराम सर, व्यासपीठावरील सर्व मान्यवर, ज्यांच्यासाठी भर मे महिन्याच्या सुट्टीतही हा हॉल भरला त्या आपल्या विज्ञानाच्या अनिताबाई, आणि कान्ह्याच्या पंचक्रोशीतून आलेल्या माझ्या बहिणींनो, भावांनो, विद्यार्थ्यांनो,

मी नसीम. स्टेशनाजवळ बांगड्यांचं दुकान आहे, तीच. समोरच्या निम्म्या बायकांच्या हातांची मापं मला तोंडपाठ आहेत, पण माईकसमोर उभी राहायची ही पहिलीच वेळ. आबांनी पाच मिनिटं दिली आहेत. आबा, घड्याळ तुम्हीच बघा, मला ते जमत नाही. का, ते पुढे येईलच.

मी बाईंच्या वर्गात कधी बसले नाही. माझं शिक्षण पाचवीपर्यंत. पुढचं वाचन बांगड्या ज्या कागदात गुंडाळून येतात त्या रद्दीवर झालं. शेवट फाटलेल्या कितीतरी गोष्टी मी वाचल्या आहेत.

तीन वर्षांपूर्वी माझे मालक, राजमहंमद, गेले. नवऱ्यामागे आमच्यात पाळतात त्या इद्दतीचे चार महिने दहा दिवस मी घरातच होते. माणसं यायची, समजूत घालायची. कुणी म्हणायचं, लेकीकडे, उझमाकडे बघून दिवस काढा. कुणी म्हणायचं, काळ हेच औषध. चुकीचं कुणीच बोलत नव्हतं. पण ती उठून गेली की मी होते तिथेच असायचे.

एक दिवस बाई आल्या. त्यांनी समजूत घातलीच नाही. माझ्या हातात रद्दीचा कागद होता. त्याच्या कोऱ्या कडेला त्यांनी ऑक्सिजन लिहिला, भोवती सहा ठिपके दिले. शेजारी दोन हायड्रोजन, एकेका ठिपक्याचे. म्हणाल्या, "नसीमभाभी, ऑक्सिजनभोवती आठ झाले पाहिजेत, हायड्रोजनजवळ दोन-दोन. कुणी कुणाचा ठिपका न्यायचा नाही, दोघांनी मिळून वापरायचा. जमवून ठेवा. रविवारी येते."

आता काही जणांना वाटेल, ही नसीम रासायनिक बंध म्हणजे नवरा-बायको असं काहीतरी म्हणणार. नाही म्हणणार. बाईंनीही कधी म्हटलं नाही, आणि त्याचेच मला आभार मानायचे आहेत. सगळे मला धीर देत होते; बाईंनी मोजायला दिलं. मोजायचं असलं की डोळे कोरडे ठेवावे लागतात.

पुढे दुकान उघडलं. टिकल्यांची पाकिटं तर हाताशीच. काउंटरच्या काचेवर लाल टिकल्या ऑक्सिजनच्या, काळ्या हायड्रोजनच्या. आमच्या रतनबाई मावशी आल्या, काच बघितली आणि म्हणाल्या, "काय गं नसीम, ह्या वयात ठिपक्यांची रांगोळी शिकतीयास व्हय?"

म्हटलं, "रांगोळीच समजा मावशी, पण एक ठिपका चुकला तर मार्क जातात."

"मार्क घिऊन कुटं जायाचंय तुला? गिऱ्हाईक बघ!"

हसताय काय? मावशी दुसऱ्या रांगेत बसल्यात, विचारा त्यांना.

रविवारी बाईंनी काचेवरची पाण्याची आकृती तपासली. "भाभी, ऑक्सिजनभोवती नऊ झालेत."

"बाई, चुडा भरताना एका हातात एक जास्तीची भरतोच ना आम्ही. सारखा आकडा ठेवत नाहीत."

"हा नवरीचा हात नाही. नववा ठिपका कुणाकडून आणलात, ते सांगा. सांगता येत नसेल तर तो काढा."

त्यांचा एवढाच नियम. प्रत्येक ठिपक्याचं घर सांगता आलं पाहिजे. मी पाण्यावरून अमोनियावर गेले, मग मिथेनवर. मग बाईंनी बाहेरून परीक्षेला बसायचा सतरा नंबरचा फॉर्म पुढे ठेवला, आणि या मार्चमध्ये वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी मी दहावीला बसले.

निकाल तुम्हा सर्वांना ठाऊक आहे, गाव लहान आहे. विज्ञानात राहिले, चार मार्कांनी. मी पुस्तकं बांधून माळ्यावर टाकली. बाईंना म्हटलं, "झालं. निवृत्तीच्या तोंडावर तुमचं नाव खराब केलं. आता पुन्हा नाही."

बाई वाद घालत बसल्या नाहीत. त्यांनी मला उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवायला लावली. ती आली तेव्हा दोघी काउंटरवर वाकून बघत होतो. मिथेनची आकृती. चार हायड्रोजन, मध्ये कार्बन, भोवती आठ ठिपके. आणि कडेला एक नववा, खोडलेला. हात सवयीने गेला होता. मग मी घाबरून सगळी आकृती तीनदा काढली, तीनदा मोजली, आणि शेवटचे दोन प्रश्न कोरे राहिले. वेळ संपला. आबा, म्हणून म्हटलं घड्याळाचं.

मला वाटलं, आता बाई रागावणार. त्यांनी खोडलेल्या ठिपक्यावर बोट ठेवलं. म्हणाल्या, "हा कुणी खोडला?"

"मीच."

"मी होते तिथं? कुणी सांगितलं तुम्हाला?"

इतकी वर्षं कुणी ना कुणी सांगायला होतं. मालक होते, मग बाई होत्या. परीक्षेच्या त्या वर्गात मी एकटी होते, आणि चूक माझी मलाच सापडली होती.

बाई, त्या दिवशी तुम्ही विचारलंत, पुन्हा बसणार का? मी म्हटलं, बघू. आज सगळ्यांसमोर उत्तर देते. पुरवणी परीक्षेचा फॉर्म काल भरला. तुम्ही उद्यापासून शाळेत नसाल, हे माहीत असूनच भरला. तुम्ही लोणावळ्याला लेकाकडे खुशाल जा. रविवारी येऊ नका. आलात तर चहा मिळेल, पण आकृती मी दाखवणार नाही. ती बोर्डालाच दाखवेन.

शाळेनं एका दुकानदारणीला बोलायची संधी दिली, याबद्दल अध्यक्षांचे, सरांचे आणि इतकं शांतपणे ऐकलंत म्हणून तुम्हा सर्वांचे मनापासून आभार. मावशी, तुमचेही. कुणाचं नाव घ्यायचं राहिलं असेल, शब्द वाकडा गेला असेल, तर अडाणी समजून नव्हे, विद्यार्थिनी समजून माफ करा. अल्पोपाहाराला मला थांबता येणार नाही. पेपर पंचवीस दिवसांवर आलाय, आणि प्रकाशाचं अपवर्तन अजून वाचायचंय.