थांबवणारी सूचना

दाताच्या दवाखान्यात शिवणवाल्या बाईंचा नंबर एका बापलेकीच्या मागेच होता.

"बाबा, ऑपरेटिंग सिस्टिमच्या कर्नेलमधली तुमची ती सूचना मी काढतेय. हातातलं सगळं संपेपर्यंत प्रोसेसर तिथे अडून बसतो, तेही सेकंदाला लाखो वेळा."

"अडावा म्हणूनच घातली. नाहीतर जुना प्रोसेसर शिळे आकडे उचलायचा."

"जुना आता आहे कुणाकडे?"

"काढून तपासलंस?"

"तीन आठवडे. सगळ्या नव्या मशीनवर."

"आणि जुन्यावर?"

"ते कुठून आणू?"

"माझ्या कपाटात आहे. चालतंय अजून. आकडे बरोबर आले, तर मीच काढतो."

"आणि चुकले तर?"

"तर जुन्यापुरती ठेवू. बाकीच्यांना कशाला थांबवायचं?"

"बाबा, नंबर आला तुमचा."

"दाढ उद्या बघू. चल घरी. बाई, तुम्ही जा पुढे."