गोऱ्या डॉक्टरचं पदक

आमच्या मसुरे गावच्या घरातला नियम ऐका: देव्हाऱ्यातल्या पदकाला बायकांनी हात लावायचा नाही, आणि का ते विचारायचं नाही. पदक नेपोलियनशी लढलेल्या फौजेतल्या, पुढे इकडे आलेल्या एका गोऱ्या डॉक्टरचं. आमची कितव्या तरी पिढीतली पणजी बाळंतपणात अडली होती. त्याने तिला सोडवलं आणि जाताना पदक बाळाला दिलं. इतक्या मोठ्या माणसाचं पदकावरचं नाव काळं पडून वाचता येईना, म्हणून यंदा दसऱ्याला मी ते पुसायला घेतलं.

काका ओरडले, "गो चेडवा, ठेव ता खाली! बाटतला!"

"काकानू, त्या डॉक्टरान आमच्या पणजेक हात लावल्यान, म्हणान आपण सगळे आसंव. तेचे उपकार मी इसराचंय नाय, आणि पदक खाली ठेवचंय नाय."

काकांनी आजोबांकडे पाहिलं. आजोबांनी छताकडे.