निकेल की गुलाल?

हसाल तुम्ही, पण माझी एमएस्सी गुलालापायी बुडत होती! मध्यभारत हे वेगळं राज्य होतं, त्या काळातली गोष्ट. आमचं प्रॅक्टिकल नेमकं रंगपंचमीच्या दुसऱ्या दिवशी आलं. मी निकेलचा कॉम्प्लेक्स, म्हणजे संयुग, बनवून गाळला, तर फिल्टर पेपरवर लालचुटुक भुकटी. बाहेरगावचे परीक्षक आले. एवढ्या उकाड्यात गळ्याला घट्ट मफलर! त्यांनी आधी भुकटी पाहिली, मग माझे रंगलेले हात.

"ये तो गुलाल है."

"नाही सर, निकेल आहे." घाबरून तोंडातून मराठीच निघालं.

"साबित करो. नहीं तो फेल."

मी चिमूटभर भुकटी टेस्ट ट्यूबमध्ये टाकून वर ॲसिड ओतलं. लाल रंग पार गेला. साहेबांनी पेन उघडलं.

"रुकिए सर!"

मी थेंबथेंब अमोनिया सोडू लागले. काही होईना. आणखी सोडला, तसा तोच लाल रंग परत आला.

"सर, गुलाल ऐसे जाके वापस आता है क्या?"

साहेबांनी पेन बंद केलं, इकडेतिकडे पाहिलं आणि मफलर सैल केला. कानापासून गळ्यापर्यंत लालभडक!

"कल मल्हारगंज में रंग खेलने वालों ने टांगा रोक लिया था," ते हळूच म्हणाले. "बेटी, जिससे ये रंग जाए और वापस न आए, ऐसा कुछ है?"