व्हिडिओतला सालदार

चेतना : नाना, शर्ट काढा ना! उजेड जाईल मग. फोन स्टँडला लावून कधीची बसलेय मी.

पितांबर : थंडी वाजस माले.

चेतना : थंडी? आत्ता तर पपईला पाणी देऊन आलात, घाम पुसत. मागच्या सुट्टीत खांद्याचा व्हिडिओ केला ना, तसंच. यावेळी पाठ. स्केच पेननं स्नायूंच्या रेषा काढायच्या, नावं सांगायची, झालं.

पितांबर : त्या पेननं आंग खाजस.

चेतना : तेव्हा नाही खाजलं ते? तेव्हा तर गुदगुल्या होतात म्हणून हसत होतात. अहो, फर्स्ट इयरची पोरं वाट बघतायत. ॲनाटॉमीची परीक्षा तोंडावर आलीय त्यांची. धडगावची एक मुलगी आलीय आमच्या पुण्याच्या कॉलेजात, इंग्रजी पुस्तक उघडलं की रडायची. तिनं मला लिहिलं, ताई, तुझ्या व्हिडिओतला खांदा बघितला आणि मग पुस्तक समजलं.

पितांबर : चांगलं शे ना. मंग भिलाले बलाव. त्यानी बी पाठ चांगली शे.

चेतना : भिलाकाकांना कशाला? तुम्ही असताना?

पितांबर : मी कोन शे त्या व्हिडिओमा? सालदारच ना? आपला घरमा सालभर राबनारा खरा सालदार शे, त्याले बसाड.

चेतना : ...म्हणजे?

पितांबर : काही नही. जाऊ दे.

धनुबाई : जाऊ दे कशाले? दिवाळीपाईन तोंड शिवीसन बसेल शेतस. आते पोर समोर शे, त सांगा ना तिले!

चेतना : माय, काय झालंय यांना?

धनुबाई : तुन्हा काकाना पवन उना व्हता फोन लिसन. काका, तुम्हीन त फेमस व्हई गयात, म्हने. व्हिडिओ दखाडा, आनि खाले पोरंस्नी काय काय लिखेल व्हतं ते बी मोठा आवाजमा वाचं. भोळा शे तो, त्याले काय समजस?

चेतना : अरे देवा.

धनुबाई : देवले बलावू नको. एकनी इचारं, हे काका कोण आहेत? तू काय लिखं?

चेतना : माय, ते...

धनुबाई : बोल ना! व्हिडिओमा त कशी घडाघडा बोलस!

चेतना : लिहिलं की... आमच्या शेतावरचे सालदार आहेत.

धनुबाई : आनि दुसरानी लिखं, सालदारला जेवायला देत नाही का तुम्ही, फुकटात सांगाडा मिळाला तुला. त्याले काय जवाब दिन्हा?

चेतना : जवाब नाही दिला.

धनुबाई : मंग?

चेतना : हसण्याचा इमोजी टाकला.

धनुबाई : तवपाईन हाऊ मानूस बनियन घालीसन आंग धोस! आपला घरना आंगनमा, आपली टाकीवर! मी पाठ घसाले गई त म्हने, नको, राहू दे. इतला वरीसमा असं कधी नही म्हनना.

पितांबर : तू गप बस वं. पोरले काय काय सांगी ऱ्हायनी!

चेतना : नाना, मला खरंच... तिथे कोणाचे वडील सर्जन, कोणाचे इंजिनियर. प्रोफेसर बघतात ते व्हिडिओ. माझा बाप उघडा बसलाय आणि मी त्याच्या अंगावर रेषा ओढतेय, हे लिहायला जीभ रेटेना. म्हणजे बोट रेटेना. पटकन सालदार लिहून टाकलं. पुसायचं डोक्यात यायचं, पण वाटायचं, नाना कुठं बघतायत.

पितांबर : एक इचारू? लाज मन्ही वाटनी, का मन्हा आंगनी?

चेतना : ...दोन्हीची.

पितांबर : हं.

धनुबाई : चला. खरं त बोलनी.

चेतना : मी आत्ता काढून टाकते तो व्हिडिओ. हे बघा, तुमच्यासमोर काढते.

पितांबर : काढू नको. ती धडगावनी पोर काय देखी मंग?

चेतना : मग खरं लिहिते. हे माझे वडील आहेत, मी खोटं बोलले.

पितांबर : लिख. बाप शे म्हनशी त त्या पोरे सॉरी म्हनतीन, हात जोडतीन. पन सालदार व्हता तवपावत हासनात ना? तू बी हासनी. मी मन्हा मनले समजाडं, आपली पोर काही आपलावर नही हासनी. सालदारवर हासनी. पन मंग भिला डोळास्पुढे उना. तुले खांदावर बसाडीसन सारंगखेडानी जत्रामा घोडा दखाडे तो. त्यावर हासनी का तू?

चेतना : नाही नाना. भिलाकाकांवर मी कशी हसेन?

पितांबर : मंग कोनवर?

चेतना : माहीत नाही. शप्पथ, मला माहीत नाही.

धनुबाई : तिलेच काय बोली ऱ्हायनात? भिलाना चहाना कप गोठामा न्यारा कोनी ठेवा? मी ठेवा, आनि तुम्हीन रोज देखतस. पोर आठेच शिकनी, पुण्याले नही.

(चेतना स्टँडवरून फोन काढून लिहू लागते. पितांबर गळ्याजवळची गुंडी लावून घेतो.)

चेतना : लिहिलंय. वाचून दाखवू?

पितांबर : वाच.

चेतना : "या व्हिडिओतले काका माझे वडील आहेत, पितांबर पाटील. मी त्यांना सालदार म्हटलं, ते खोटं होतं. आणि सालदार असते तरी मी हसायला नको होतं. मला लाज वाटते." एवढंच. टाकू का?

पितांबर : प्रोफेसर देखतीन ना?

चेतना : बघतील.

पितांबर : टाक मंग.

चेतना : टाकलं. नाना, मी स्टँड आवरते. पाठीचं मी दुसरं कोणीतरी बघेन, नाहीतर चित्र काढून सांगेन.

धनुबाई : आवर. मी चहा ठेवस. भिलाले बी आवाज दे, घरमा ये म्हना.

पितांबर : थांब. परीक्षा कधी शे म्हननी त्या पोरंस्नी?

चेतना : सोमवारपासून.

पितांबर : मंग आवरू नको. काढस मी शर्ट.

चेतना : नको नाना, खरंच नको. तुम्हाला नको वाटतंय, दिसतंय मला.

पितांबर : काढस म्हननू ना. तू फक्त तवपावत तिकडे तोंड कर.