आगीच्या पंपाचं सील

जहाजाला आग लागली गुरुवारी सकाळी, आणि त्या जहाजाच्या आग विझवायच्या पंपाचं सील, म्हणजे पाणी गळू न देणारी कडी, मी सोमवारी काढून नेलेली. माझा मेव्हणा काशिनाथ त्या आगीत गेला.

मी टोकावड्याजवळचा, घरी भातशेती. शाळा संपल्यावर नौदलात लागलो. काशिनाथ मुरबाडचा, माझं बघून तोपण आला. मी एका जहाजावर सुट्या भागांचा भांडारी, तो शेजारच्या जहाजावर इंजिनात.

काय सांगू तुमाला, भांडारात फळ्या होत्या, फळ्यांवर भाग नव्हते. मागणी लिहायची, उत्तर यायचं, यंदा निधी नाय. नव्या जहाजाला पैसा निघतो, सुटा भाग फळीवर पडून राहतो, पडून राहायच्या वस्तूला पैसा कोण देणार. पण निघायचा हुकूम तर येतोच. मग आमची रीत, जे जहाज निघालंय त्यानं गोदीत उभ्या जहाजाचा भाग काढायचा आणि त्या जागी लाल चिठ्ठी बांधायची, म्हणजे भाग काढलाय हे कळावं. सगळे करायचे, मीपण केलं.

त्या सोमवारी आमचं जहाज निघायचं होतं, काशिनाथचं गोदीत उभं. पाना काशिनाथनंच दिला. म्हटला, न्या दाजी, हुंड्यात द्यायचं राहिलं होतं. मी म्हटलं, अरे हा आगीचा पंप हाय रे. तर म्हणतो, दुसरा हाय ना, आणि आमी गोदीत उभे, आमाला कुठली आग. हसलो आमी. चिठ्ठी मी बांधली.

गुरुवारी वेल्डिंगची ठिणगी तेलात पडली. दुसरा पंप चालला नाय. त्याचं सील आधीच कुणीतरी नेलेलं, त्याची चिठ्ठी गळून पडलेली. काशिनाथ आतल्या दोघांना काढायला गेला. ते दोघं निघाले. मी तेव्हा समुद्रावर होतो.

चौकशीत मी सगळं लिहून दिलं. शिक्षा कुणालाच नाय झाली, रीत सगळ्यांची होती. घरी मात्र बोललो नाय. सुमन, माझी बायको, त्याची सख्खी बहीण. सासरे चारचौघांत म्हणायचे, जावई तिथं असते तर माझा पोरगा वाचला असता. चार वर्षं ऐकलं.

रिटायर झालो आणि माघात मुरबाडला जाऊन सासऱ्यांपुढं बसलो, सुमनपण होती, सांगून टाकलं. सासऱ्यांनी इचारलं, चिठ्ठी बांधलेली ना? म्हटलं, बांधलेली. म्हटले, चहा घ्या आणि निघा. मी उठलो तर सुमन म्हटली, तुमी व्हा पुढं.

लावणी झाली, कापणी झाली. ती मुरबाडलाच हाय.