सावनेरला नेलेला कॅमेरा

कॅमेरा मोठा असला की सिनेमाही मोठा होतो, असं समजणारी गिऱ्हाईकं मी सीताबर्डीच्या माझ्या कॅमेऱ्यांच्या दुकानात खूप पाहिली. कोराडीच्या वीज केंद्रातला वामन त्यातलाच. सावनेरच्या जिनात, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, कापूस निवडणाऱ्या बायांवर त्याला छोटी फिल्म काढायची होती. मी चावी भरून चालणारा छोटा कॅमेरा पुढे केला, तर म्हणतो, "हे खेळणं नको जी. तो मोठा द्या भाड्यानं."

दुसऱ्या दिवशी तोंड पाडून परत. "भाऊ, कॅमेरा पाहून बाया कामं सोडून, पदर सावरून ओळीनं उभ्या राहिल्या. फोटो हालन म्हणून कोणी पापणी लववेना. सगळं रीळ वाया गेलं. आता एका छोट्या रिळापुरतेच पैसे आहेत."

मग छोटा कॅमेरा नेला. त्याच्याकडे कोणी ढुंकूनही पाहिलं नाही. उलट एक मावशी खेकसली, "काय खेळून राहिला गा? हात लाव गाठोड्याले!"

धुऊन आलेलं रीळ आम्ही दुकानातच पाहिलं. सगळ्यात झकास तुकड्यात बाया खदखदून हसत होत्या आणि मधे डोक्यावर गाठोडं घेतलेला, घामाघूम वामन.

"अरे, तू तर पडद्यावर! मग हे काढलं कोणी?"

"कोणीच नाही जी. कॅमेरा पोत्यावर ठेवला, तो बंद करायचाच राहिला."