अर्ध्या बादलीतली नीळ

माझं माहेर निलंग्याचं. लातूर नवा जिल्हा झाला तवा बाबांना तिथं कचेरीत शिपायाची जागा मिळाली, मग आम्ही लातुरात एका खोलीत आलो, आई, बाबा, थोरली अक्का आन मी. अक्काचं लगीन आधी झालं, माझं ठरलं ते ऐन दुष्काळात. आमच्या बौद्धांत नवरी पांढऱ्या साडीत उभी राहते. नवी घेणं जमणार न्हवतं, म्हणून अक्काचीच पेटीतून काढली, तर काय सांगू तुम्हाला, घडीघडीवर पिवळी पडलेली, हळद सांडल्यावानी.

आई म्हणाली, घाबरू नको, पांढरी करून देते. आधी सोड्याच्या कोमट पाण्यात भिजवली, मग लिंबू चोळलं, मग उन्हात टाकली. निम्मा पिवळेपणा गेला. राहिलेल्यावर नीळ. आता निळीला बादलीभर पाणी लागतं, गाळून घालायची, साडी बुडवून लगेच काढायची, परत चांगल्या पाण्यात खळबळायची. आन आमच्याकडं पाणी अर्धी बादली. टँकर आला न्हवता. पिंपात होतं, पण पिंपापुढं बाबा उभे. म्हणाले, पाव्हण्याला पाणी पाजायचं का साडीला? आईनं तेवढ्याच पाण्यात नीळ कालवली. दाट निळीत साडी कोंबली, चोळ चोळ चोळली, तरी डाग पडलेच.

डाग आम्ही निऱ्यांत दाबले, साडी निभावली. पण आईचे हात! भेगांत, नखांत नीळ बसलेली, राखेनं घासली, दगडानं घासली, निघंना. अक्का म्हणाली, आई, तू तर पोळ्याच्या बैलावानी रंगलीस. आई हसली न्हाई.

लगीन लागलं आन विहिणींची गळाभेट आली. माझी सासू उदगीरकडच्या खेड्यातली, मोकळी बाई, हात पसरून पुढं आली. आईनं पदराखालचे हात काढलेच न्हाईत, मान खाली घालून नुसतं, बसा ताई, म्हणाली. सासूचे हात तसेच राहिले, सगळा मांडव बघून राहिला. मला वर बघवंना.

पुढं सासू जन्मभर म्हणायची, तुझी आई लातूरच्या कचेरीवाल्याची बायको, आम्हा खेडवळांना कशाला गळ्याशी धरील. मी खाली बघून भाकरी थापायची. खरं सांगितलं असतं तर उतरलेली साडी, अर्धी बादली पाणी, सगळंच उघडं पडलं असतं. आईला गर्वाची म्हणू दे, पण आमची अशी दशा होती हे कळू नये, असं वाटायचं. लाज लई वाईट.

आता दोघी न्हाईत. परवा सून लेकराचा पिवळा पडलेला शर्ट घेऊन आली, म्हणाली, आत्या, नीळ कशी देऊ? म्हणलं, आधी दोन बादल्या भर, मगच नीळ हातात घे. एवढ्याशा शर्टाला? म्हणून हसली. मी उठून बादली नळाखाली लावली. घरात आईचं नाव निघालं की अजून बी ताठ्याची बाई म्हणतात. म्हणोत. नळाला पाणी राहो, लेकरांचे कपडे पांढरे निघोत, एवढं बास.